माणदेशात पाऊस नव्हता, मग गदिमांच्या गाण्यात मोर नाचला कसा?

पुण्यात, मुंबईत किंवा थेट दुबईत नोकरी करणाऱ्या कुठल्याही मराठी माणसासमोर तिन्हीसांजेला एक गाणं लावून बघा. १९६८ च्या 'जिव्हाळा' चित्रपटातलं, श्रीनिवास खळे यांच्या संगीतातलं आणि लता मंगेशकरांच्या आवाजातलं. दिवस मावळलाय आणि कुणीतरी चिमण्यांना घरी परत बोलवतंय, एवढीच त्याची गोष्ट.

गाण्यात फार काही घडत नाही. तरी घर सोडून दहा वर्षं झालेल्या माणसाच्या घशात आवंढा येतो.

हे गाणं लिहिणारा माणूस स्वतः गाव सोडून आलेला होता. सांगली जिल्ह्यातल्या एका कोरड्या गावातून, शाळेच्या परीक्षेत नापास होऊन. त्याचं नाव गजानन दिगंबर माडगूळकर. महाराष्ट्र त्यांना गदिमा म्हणतो, घरचे आणि सिनेमातले लोक अण्णा म्हणायचे.

गदिमांची ओळख आपल्याला 'गीतरामायण'मुळे असते. पण गाव सुटल्याचं दुःख आणि निसर्ग या दोन गोष्टी त्यांनी गाण्यात एकत्र कशा आणल्या, हे समजून घ्यायचं तर आधी थोडं लांब जावं लागेल. थेट चीनमध्ये आणि बाराशे वर्षं मागं.

चंद्र बघितला की गाव आठवायचं

चीनमध्ये इसवी सन ६१८ ते ९०७ या काळात तांग घराण्याचं राज्य होतं. चिनी कवितेचा हा सुवर्णकाळ मानतात. ली बाय, तू फू आणि वांग वेई ही या काळातली सगळ्यात मोठी नावं.

या कवींच्या कवितांमध्ये एक गोष्ट सारखी येते, ती म्हणजे घरची आठवण. पण कवी मला घरची आठवण येते असं सरळ सांगत बसत नाही. तो निसर्गातली एखादी वस्तू दाखवतो आणि बाकीचं वाचणाऱ्यावर सोडून देतो.

ली बाय यांची एक छोटी कविता चीनमध्ये लहान मुलांनाही पाठ असते. रात्री अंथरुणाजवळ चांदणं पडलंय, ते जमिनीवर पडलेल्या हिमासारखं दिसतंय, कवी मान वर करून चंद्र बघतो आणि मान खाली घालून गावाची आठवण काढतो. कविता संपली. वांग वेई यांच्या एका कवितेत गावाकडून आलेला माणूस भेटतो. त्याला कवी फक्त खिडकीसमोरच्या झाडाला फुलं आली का, एवढंच विचारतो.

हळूहळू या खुणा ठरून गेल्या. चंद्र म्हणजे लांब असलेल्या दोघांना एकाच वेळी दिसणारी गोष्ट. आभाळातून जाणारी रानहंसांची रांग म्हणजे घरून येणारी चिठ्ठी. विलो झाडाची फांदी म्हणजे निरोप, कारण चिनी भाषेत त्या झाडाचं नाव आणि थांब या अर्थाचा शब्द ऐकायला जवळजवळ सारखे आहेत.

हे सगळे कवी घरापासून इतके लांब का असायचे?

त्याचं एक मोठं कारण होतं सरकारी परीक्षा आणि सरकारी नोकरी. शिकलेल्या माणसानं राजधानीत जाऊन परीक्षा द्यायची, पास झाला तर सरकार सांगेल त्या लांबच्या गावी नोकरी करायची. नापास झाला तर राजधानीतच खेटे घालत बसायचं. तू फू हे आज चीनचे सगळ्यात मोठे कवी मानले जातात, पण ते या परीक्षेत नापास झाले होते. पुढं ७५५ साली मोठं बंड झालं, देश पेटला आणि तू फू यांचं उरलेलं आयुष्य वणवण करण्यात गेलं. ७७० साली प्रवासातच त्यांचा शेवट झाला.

म्हणजे परीक्षा, पोटापाण्यासाठी सोडलेलं गाव आणि पेटलेला मुलूख. या तिन्ही गोष्टी गदिमांच्या आयुष्यातही आल्या. गदिमांचा चिनी कवींशी थेट संबंध जोडायचं कारण नाही. पण परिस्थिती सारखी असली की माणसं सारख्याच रस्त्यानं गाण्यापर्यंत पोचतात, हे मात्र दिसतं.

माणगंगेच्या काठचं गाव

गदिमांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ चा. आजोळी, शेटफळे गावात. आज हे गाव सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात येतं.

जन्माची एक आठवण नेहमी सांगितली जाते. बाळ जन्मल्यावर रडलंच नाही. सगळ्यांना वाटलं, गेलं. पुढची तयारी सुरू झाली, तेवढ्यात सुईणीनं बेंबीजवळ निखारा नेला आणि चटका बसताच पोरानं टाहो फोडला. पुढं या पोराच्या शब्दांवर सगळा महाराष्ट्र गायला.

मूळ गाव माडगुळे. आटपाडी तालुक्यातलंच, माणगंगेच्या खोऱ्यातलं. माण नदीच्या या मुलखाला माणदेश म्हणतात. आटपाडी, म्हसवड, दहिवडी, सांगोला हा सगळा पट्टा त्यात येतो. सह्याद्रीवर धो धो कोसळणारा पाऊस पूर्वेला येईपर्यंत रिकामा होतो. त्यामुळे माणदेश पर्जन्यछायेत आहे. नदी आहे, पण वर्षातला मोठा काळ नुसती वाळू. माळरान, बाभळी, बोरी, मेंढरं आणि ज्वारी-बाजरी. पावसाकडं डोळे लावून बसणं हा इथला पिढ्यान् पिढ्यांचा उद्योग.

वडील दिगंबर औंध संस्थानात कारकून होते. आई बनूताई. घरात शिक्षणाची आणि देवाधर्माची ओढ होती, पैसा नव्हता. गजानन थोरला. त्यामुळे घराचा भार आज ना उद्या आपल्याच खांद्यावर येणार, हे लहानपणीच ठरलेलं होतं.

कुंडल: लोखंडाचा नांगर आणि डोंगरातला झरा

औंध संस्थानचा नकाशा मोठा गमतीशीर होता. संस्थान लहान, पण सलग नव्हतं. औंध एकीकडं, आटपाडी दुसरीकडं, कुंडल तिसरीकडं आणि गुणदाळ तर विजापूरच्या बाजूला. मधे इंग्रजांचा किंवा दुसऱ्या संस्थानांचा मुलूख. वडिलांची नोकरी संस्थानची, त्यामुळे मुलाचं बालपण आणि शाळाही संस्थानच्या गावांत वाटली गेली. आटपाडी, कुंडल आणि मग औंध.

यातलं कुंडल आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. कुस्तीच्या शौकिनांना हे गाव तिथल्या मैदानामुळं माहीत असतं. गावाला लागून डोंगर, डोंगरात झरी पार्श्वनाथाचं जैन क्षेत्र. नावातच झरा आहे. माडगुळ्याच्या माळावरून आलेल्या पोराला कृष्णा खोऱ्यातला हा भाग वेगळाच वाटला असणार.

कुंडलला आणखी एक वेगळेपण होतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर कारखाना काढला, तो कुंडलच्या शेजारीच. तेव्हा तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव कुंडल रोड होतं, पुढं ते किर्लोस्करवाडी झालं. लोखंडी नांगर तिथं बनत होते आणि 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' ही मासिकंही तिथंच छापली जात होती.

एका बाजूला जात्यावरच्या ओव्या, कीर्तन, भजन, तमाशा, शाहिरी. दुसऱ्या बाजूला कारखान्याचा भोंगा, रेल्वे आणि छापखाना. गदिमांच्या पिढीतल्या इथल्या मुलांच्या कानावर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पडत होत्या. गदिमांची भाषा नीट ऐकली तर हे लक्षात येतं. त्यांचे शब्द जुन्या ओवीसारखे घरगुती असतात, पण गाणं बांधलेलं असतं ते नव्या माध्यमासाठी. आधी सिनेमासाठी, मग रेडिओसाठी.

गणितानं वाट लावली आणि वाटही दाखवली

हायस्कूल औंधला झालं. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे प्रकरणच वेगळं होतं. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे, स्वतः चित्रं काढणारे, कीर्तन करणारे. पुढं १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं त्यांनी संस्थानचा कारभार लोकांच्या हाती दिला. अशा गावात कलेची आवड असलेल्या मुलाला घुसमट नव्हती. गजानन नकला करायचा, नाटकात काम करायचा, कविता लिहायचा.

अडचण एकच होती. गणित.

मॅट्रिकला गणितानं घात केला आणि गजानन नापास झाला. आजच्या काळात सप्लिमेंटरी परीक्षा देऊन पुढं जाता येतं. १९३० च्या दशकात गरीब घरातल्या थोरल्या मुलानं मॅट्रिक नापास होणं म्हणजे सरकारी नोकरीची दारं बंद. बापासारखं कारकून होणंसुद्धा अवघड.

शेतीत पाऊस नाही, नोकरीला सर्टिफिकेट नाही. मग राहिलं काय? कोल्हापूर.

कोल्हापूर तेव्हा मराठी सिनेमाची पंढरी होती. वय अवघं अठरा-एकोणीस. १९३८ मध्ये हंस पिक्चर्सचा 'ब्रह्मचारी' आला. कथा आचार्य अत्रे यांची, दिग्दर्शन मास्टर विनायक यांचं. त्यात गदिमांना छोटी भूमिका मिळाली. व्हायचं होतं नट, पण नशिबात लेखणी होती. वि. स. खांडेकरांचे लेखनिक म्हणून त्यांनी काम केलं. मोठ्या लेखकाच्या तोंडून येणारी वाक्यं कागदावर उतरवता उतरवता वाक्य कसं उभं राहतं, हे बघायला मिळालं. के. नारायण काळे यांच्या हाताखालीही काम केलं.

१९४२ च्या सुमाराला 'पहिला पाळणा', 'भक्त दामाजी' या चित्रपटांसाठी गीतं लिहिली. १९४७ मध्ये राजकमलचा 'रामजोशी' आला आणि गदिमा हे नाव घरोघरी पोचलं. त्यानंतर मागं वळून बघावं लागलं नाही. पुढच्या तीस वर्षांत दीडशेहून जास्त मराठी चित्रपटांसाठी त्यांनी लिहिलं. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ'ची कथाही त्यांचीच.

कुंडल पेटलं, मग माडगुळेही

गदिमा सिनेमात जम बसवत होते, तेव्हा त्यांचं जुनं कुंडल वेगळ्याच कारणानं देशात गाजत होतं. १९४२ च्या आंदोलनानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारा भागात प्रतिसरकार उभं राहिलं. कुंडल हे त्याचं महत्त्वाचं केंद्र. तुफान सेनेचे जी. डी. बापू लाड कुंडलचेच. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी लुटली गेली, ती याच लोकांनी.

या चळवळीचा आवाज होते कुंडलचे शाहीर शंकरराव निकम. गावोगाव डफ वाजवत ते लोकांना उभं करत होते. त्यांच्यासाठी पोवाडे लिहून देणाऱ्यांमध्ये गदिमा होते. गाव सुटलं होतं, पण गावातल्या मित्राच्या हातात देण्यासारखी एक गोष्ट त्यांच्याकडं होती आणि ती म्हणजे शब्द. धाकटे बंधू व्यंकटेश तर ऐन पोरवयात या चळवळीत ओढले गेले.

स्वातंत्र्य आलं. पण सहा महिन्यांत वेगळीच आग लागली.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता हे कळल्यावर तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, सांगली-कोल्हापूर भागात ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले. अनेक गावांत घरं जाळली गेली. माडगूळकर कुटुंबालाही त्याची झळ बसली. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' ही कादंबरी याच दिवसांवर आहे. आगीनंतर कित्येक ब्राह्मण कुटुंबांनी गाव कायमचं सोडलं आणि शहर गाठलं.

इथं गदिमांच्या गाण्यांकडं वेगळ्या नजरेनं बघावं लागतं. पोटासाठी गाव सोडलेल्या माणसाला निदान एक आधार असतो की परत जाता येईल. ज्याच्या मनातलं गावच एकदा जळालं, त्यानं काय आठवायचं? कडवट व्हायला कारण होतं. पण त्यानंतरच्या तीस वर्षांत गदिमांनी जी खेड्याची गाणी लिहिली, त्यांत कडवटपणा सापडत नाही. त्यांत मोर सापडतो, आंब्याचं बन सापडतं, तळं सापडतं, दाटून आलेले ढग सापडतात.

मग मोर आला कुठून?

१९५३ च्या 'देवबाप्पा' चित्रपटातलं मोराचं गाणं मराठी घरात माहीत नाही असं मूल सापडणार नाही. गदिमांचे शब्द, पु. ल. देशपांडे यांचं संगीत आणि आशा भोसले यांचा आवाज. ढग, वारा, पाऊस, आंब्याचं बन आणि नाचणारा मोर.

आता हे चित्र माणदेशाच्या माळावर ठेवून बघा. जिथं ढग येतात आणि न पडता निघून जातात. जिथल्या म्हाताऱ्या माणसाच्या आठवणी दुष्काळाच्या वर्षांनी मोजल्या जातात. तिथं वाढलेल्या माणसासाठी पाऊस हे नुसतं सुंदर दृश्य नसतं. पाऊस म्हणजे यावर्षी गाव सोडावं लागणार नाही याची हमी. कोकणातल्या कवीला पाऊस रोजचा असतो. माणदेशातल्या कवीला तो पाहुण्यासारखा असतो, आला की घरभर आनंद. गदिमांच्या पावसात जो हरखून गेलेला आनंद आहे, त्याचं मूळ माणदेशाच्या कोरडेपणात शोधता येतं.

म्हणजे गदिमांच्या गाण्यातलं हिरवं गाव हा माडगुळ्याचा फोटो नाही. लांब राहून ज्याची आस धरली, ते गाव आहे ते. तांग कवींचा चंद्रही तसाच होता. गावचा चंद्र जास्त उजळ असतो, असं तू फू यांनी एका कवितेत सुचवलंय. खरं तर चंद्र सगळीकडं सारखाच. उजेड आठवणीचा असतो.

गदिमांच्या बालगीतांतही हेच दिसतं. आगगाडीच्या गाण्यातली मुलं मामाच्या गावाला निघालीत आणि खिडकीतून झाडं पळताना दिसतायत. गाणं मजेचं आहे. पण ही मुलं शहरातली आहेत आणि गाव आता सुट्टीत जायची जागा झालीय, हे त्यात न सांगता आलंय. ज्या पिढीनं गाव सोडलं, तिच्या मुलांसाठीचं हे गाणं.

१९५८ च्या 'सुखाचे सोबती'मधलं बदकांच्या पिल्लांचं गाणं अँडरसनच्या जुन्या डॅनिश गोष्टीवरचं. आपण इथले नाही असं वाटणारं एक पिल्लू आणि शेवटी तळ्याच्या पाण्यात दिसलेलं स्वतःचं खरं रूप. परक्या ठिकाणी वेडगळ ठरलेल्या कुणालाही ते आपलंच वाटतं. मॅट्रिक नापास होऊन कोल्हापूरला आलेल्या पोरालाही वाटलं असतं.

आणि मग चिमण्या. चिमणी हा मराठी घरातला सगळ्यात साधा पक्षी. घास भरवताना काऊ-चिऊ, गोष्टीत चिऊताईचं मेणाचं घर. चिनी कवींना रानहंस होता, गदिमांनी चिमणी निवडली. कारण रानहंस लांबचा, चिमणी वळचणीची. संध्याकाळी ती घरात परत येते, हे प्रत्येकानं बघितलेलं असतं. म्हणून तिला बोलावलं की लांब गेलेल्या पोरांनाच बोलावल्यासारखं होतं. आई कुठंही रडताना दाखवावी लागत नाही.

निसर्गाच्या हातून निरोप पाठवायची ही रीत आपल्याकडं नवी नाही. कालिदासाच्या 'मेघदूता'त घरापासून तुटलेला यक्ष ढगाला निरोप सांगतो, ज्या रामगिरीवरून सांगतो तो नागपूरजवळचा रामटेक असं मानलं जातं. जात्यावर दळणाऱ्या बायकांनी माहेरची आठवण पाखराच्या आणि वाऱ्याच्या हातून पाठवली. गदिमांनी तीच रीत उचलली आणि सिनेमाच्या तीन-चार मिनिटांत बसवली.

वनवास आणि 'पंचवटी'

१ एप्रिल १९५५, रामनवमी. आकाशवाणी पुणे केंद्रावरून 'गीतरामायण'चं पहिलं गीत प्रसारित झालं. सीताकांत लाड यांची कल्पना, सुधीर फडके यांचं संगीत आणि गदिमांचे शब्द. दर आठवड्याला एक असं वर्षभर चाललं. एकूण ५६ गीतं. त्या वेळी लोक रेडिओला हार घालायचे, पुढं उदबत्ती लावायचे, अशा आठवणी आजही घराघरांत सांगितल्या जातात. पुढं अनेक भारतीय भाषांत त्याचे अनुवाद झाले.

रामायण म्हणजे काय, तर शेवटी घर सोडावं लागलेल्या माणसाचीच गोष्ट. आणि गदिमांनी वनवासाचा भाग लिहिताना निसर्गाला नुसतं मागच्या पडद्यासारखं वापरलं नाही. चित्रकूटावर राम लक्ष्मणाला झोपडी बांधायला सांगतो, ते गीत आठवून बघा. राम दुःख सांगत नाही. तो आजूबाजूची झाडं, वेली, पाणी दाखवतो. परक्या रानात घर कसं मांडायचं, ते बघतो. गाव सोडून शहरात पहिली खोली भाड्यानं घेणारा माणूस दुसरं काय करतो?

मग भरत येतो आणि परत चला म्हणून हट्ट धरतो. त्यावर रामाच्या तोंडी गदिमांनी जे गीत दिलं, त्यात समुद्रावर तरंगत आलेल्या दोन ओंडक्यांची उपमा आहे. एका लाटेनं जवळ येतात, दुसऱ्या लाटेनं दूर जातात. ही उपमा वाल्मीकींच्या रामायणातली. गदिमांनी ती इतक्या सोप्या मराठीत आणली की आज एखाद्याच्या दशक्रियेलाही लोक त्या गीताची आठवण काढतात.

हे सगळं लिहिलं गेलं पुण्यात, मुंबई रस्त्यावर वाकडेवाडीला असलेल्या त्यांच्या बंगल्यात. बंगल्याचं नाव 'पंचवटी'. रामानं घरापासून लांब, वनवासात जिथं झोपडी बांधली, त्या जागेचं नाव.

बामणाचा पत्रा

नाव झालं. १९६२ पासून बारा वर्षं ते विधान परिषदेचे सदस्य होते. १९६९ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७३ मध्ये यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मॅट्रिक नापास माणूस साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर बसला.

तरी माडगुळे सुटलं नाही. तिथं शेतात पत्र्याची एक साधी खोली होती. गावकरी तिला 'बामणाचा पत्रा' म्हणायचे. पुण्यातला बंगला सोडून गदिमा तिथं लिहायला जाऊन बसायचे. व्यंकटेशही तिथं लिहीत. ज्या भागानं १९४८ ची आग बघितली होती, त्याच भागात हे पुन्हा जाऊन बसणं होतं. 'मंतरलेले दिवस' या त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात त्या मुलखातली माणसं भेटतात, ती मायेनंच.

दोघा भावांनी माणदेशाचं ऋण वेगवेगळ्या पद्धतीनं फेडलं. व्यंकटेश यांनी कोरडा माणदेश जसाच्या तसा लिहिला. 'माणदेशी माणसं' वाचा किंवा 'बनगरवाडी' वाचा. 'बनगरवाडी'च्या शेवटी दुष्काळ पडतो आणि धनगरांची वाडी ओस पडते. एकेक जण निघून जातो. व्यंकटेश यांनी लोक गाव का सोडतात ते सांगितलं. गदिमांनी, गाव सोडल्यावर त्यांच्या मनात काय उरतं ते सांगितलं. दोन्ही एकत्र वाचली तर माणदेश पूर्ण होतो.

१४ डिसेंबर १९७७ ला पुण्यात गदिमांचं निधन झालं. वय अवघं ५८.

आज त्या गाण्यांचं काय?

माणदेशातून माणसं जायची थांबली नाहीत. खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक सोन्या-चांदीचं शुद्धीकरण करायला भारतभर पसरले. तमिळनाडूतल्या किंवा उत्तरेतल्या एखाद्या सराफ बाजारात मराठी बोलणारा माणूस भेटला तर तो विट्याकडचा किंवा आटपाडीकडचा असण्याची शक्यता मोठी. जत्रेला मात्र तो गावी येतोच.

पाण्याचं चित्रही बदलतंय. कराडजवळच्या टेंभूपासून कृष्णेचं पाणी उपसून टप्प्याटप्प्यानं खानापूर, आटपाडी, सांगोल्याकडं नेलं जातं. ज्या कृष्णेच्या खोऱ्यात कुंडल आहे, तिचं पाणी आता माणगंगेच्या मुलखात पोचतंय. आटपाडीचं डाळिंब बाजारात नाव कमावून आहे. गदिमांनी गाण्यात जे हिरवं गाव उभं केलं, त्यातला थोडा भाग त्यांच्या मागं जमिनीवर दिसायला लागला.

चीनमध्ये आजही शरद ऋतूतल्या पौर्णिमेच्या सणाला लांब गेलेली मुलं घरी यायची धडपड करतात. ज्यांना जमत नाही, ते ली बाय यांच्या चंद्राची कविता एकमेकांना पाठवतात. आपल्याकडं तो सण नाही. पण दिवाळीत सुट्टी नाकारली गेली, एसटीचं रिझर्व्हेशन मिळालं नाही, व्हिडिओ कॉलवर आईनं जेवलास का म्हणून विचारलं आणि फोन ठेवला, की मराठी पोराच्या मोबाईलवर चिमण्यांचं ते गाणं लागतं.

ते लिहिणारा माणूस गणितात नापास झाला होता. पण गावापासूनचं अंतर किती असतं, ते त्याला बरोबर मोजता यायचं.